गालातलं वारं

अक्काचा राग नाकावर असतो, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या सकाळी मात्र तिचा धाकटा भाऊ डावा गाल टम्म फुगवून कामावर आला, त्याला बघून अख्खा कारखाना खो खो हसला, आणि अक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारखाना प्रयोगशाळांची काचेची भांडी बनवायचा. भाऊ तिथं काच फुंकायचा. दोन्ही हात ज्योतीवर काचेची नळी फिरवण्यात गुंतलेले, म्हणून फुंकायची रबरी नळी दाढांमध्ये धरून ठेवायची आणि गाल भरून भरून तिच्यात हवा सोडायची, असं ते काम. त्याचा दम इतका मोठा की सगळे त्याला भाता म्हणत, आणि आता ते नाव त्याच्या बायकोच्याही तोंडी बसलं होतं. अक्का त्यानंच फुंकलेल्या भांड्यांवर मापाच्या खुणा पाडायची. केसाएवढी रेघ सरकलेली तिला चष्म्याशिवाय दिसायची, आणि ज्याच्यामुळे ती सरकली त्याची त्या दिवशी धडगत नसायची.

"भात्यात वारं शिरलं रे!" कुणीतरी ओरडलं.

काच फुंकणाऱ्यांना हे दुखणं नवं नव्हतं. जोर लावून फुंकताना कधीतरी हवा उलटी फिरते आणि गालात लाळ येण्याच्या वाटेनं आत घुसते. गाल फुगतो, दाबला की बोटाखाली चुरचुरतो आणि दुपारपर्यंत आपसूक बसतो. तिथं त्याला 'गालातलं वारं' म्हणायचे. ज्याच्या गालात कधी वारं शिरलं नाही तो अजून शिकाऊच, असं समजायची रीत होती. त्यामुळे भात्याच्या गालाकडे बघून कुणालाही काळजी वाटली नाही, उलट कौतुकच वाटलं.

मिस्त्रीनं उठून भात्याच्या गालाला हात लावला. चाळीस वर्षं फुंकून त्याचे स्वतःचे गाल रिकाम्या पिशव्यांसारखे लोंबत होते.

"गरम फडका धर. जेवणाच्या सुट्टीपर्यंत उतरेल."

"चुरचुरतंय का?" अक्कानं विचारलं.

"आँ?"

"वारं असलं की चुरचुरतं ना? मग आता चुरचुरतंय का, ते सांगा."

मिस्त्रीनं पुन्हा दाबलं. भात्यानं डोळे गच्च मिटले. "सुरुवातीला नाही चुरचुरत कधी कधी," मिस्त्री म्हणाला. हे त्यानं तिथल्या तिथं रचलं होतं, हे त्याच्या आवाजावरूनच कळत होतं.

अक्कानं भावाच्या गालाला हात लावला. गाल दगडासारखा कडक होता आणि तापलेला होता. सूज गालावर कमी आणि जबड्याच्या खाली जास्त होती. तिनं ॲप्रनच्या खिशातून काचेवर खुणा करायची मेणाची पेन्सिल काढली आणि जिथं सूज संपत होती तिथून, कानाखालून थेट हनुवटीपर्यंत, भावाच्या तोंडावर एक निळी रेघ ओढली. रेघेच्या टोकाशी तिनं वेळही लिहिली, नऊ वीस.

"आता काय भात्याचं माप घेता का, अक्का?" मागून कुणीतरी म्हणालं.

"हो. आणि तुझ्या अकलेचंही घेणार होते, पण एवढं लहान भांडं नाही आपल्याकडे."

सगळे पुन्हा हसले. मिस्त्री म्हणाला, दुपारी बघा, रेघ तिथंच असेल आणि सूज आत गेलेली असेल. साडेदहाला अक्कानं बघितलं तर सूज रेघ ओलांडून बोटभर खाली, गळ्याकडे उतरली होती. भाता समोरच्या ज्योतीकडे बघत नुसता बसला होता आणि दर थोड्या वेळानं रुमालानं तोंड पुसत होता.

"ऊठ," अक्का म्हणाली. "चल."

"कुथं?" त्याच्या तोंडातून शब्द धड निघत नव्हते. तोंडात गरम घास धरून बोलावं तसं तो बोलत होता.

"जिथं नेईन तिथं."

आता नेमकं न्यायचं कुठं, हाच पहिला घोळ. सूज होती तोंडावर, म्हणजे दातवाल्याकडे जावं. पण ताप होता अंगात, म्हणजे डॉक्टरकडे जावं. अक्काच्या मनात दाढ होती, म्हणून ती आधी दाताच्या दवाखान्यात गेली.

तिथं बाहेरच्या खोलीत टेबलामागे एक बाई बसल्या होत्या. त्यांनी भात्याकडे एकदा बघितलं आणि वही मिटली.

"सूज असताना मॅडम दात काढत नाहीत."

"दात काढा असं कोण म्हणतंय? आधी बघा तरी!"

"सूज उतरल्याशिवाय बघून काय उपयोग? आधी तुमच्या डॉक्टरांकडून गोळ्या घ्या, सूज उतरवून घ्या, मग या. पुढच्या आठवड्यात मंगळवारी चालेल?"

"मंगळवारपर्यंत याचा गळा गुडघ्याला टेकेल."

"मोठ्यानं बोलू नका, आत पेशंट आहे."

"मग हा कोण आहे? मी याला काय वजन करायला आणलंय?"

बाईंनी दाराकडे बोट केलं. भात्यानं बहिणीची बाही ओढली. त्याला चारचौघांत भांडण झालेलं कधीच खपत नसे. बहिणीच्या हाताखाली वाढलेल्या माणसाला भांडणाची हौस उरत नाही. तो सहा वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून त्याच्या वाटची सगळी भांडणं अक्काच भांडत आली होती.

डॉक्टरांचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. तिथं गर्दी होती. भिंतीला लावलेल्या बाकावर टेकून बसायला भाता तयार होईना. पुढे वाकून, कोपरं गुडघ्यांवर टेकून तो बसला आणि लाळ रुमालात टिपत राहिला. गिळत का नाहीस, असं तिनं विचारलं तर त्यानं नुसती मान हलवली.

अक्का त्याच्याकडे बघत होती आणि मनातल्या मनात एकेकाला धारेवर धरत होती. मिस्त्री मूर्ख. ती वहीवाली बाई तर दगड. कारखान्यातले सगळे टवाळ. शिव्या देता देता ती तीन आठवड्यांमागच्या एका दुपारपाशी आली, आणि तिथून घाईनं मागे फिरली. पण आठवण एकदा दार ढकलून आत आली की बाहेर जात नाही.

त्या दुपारी भाता तिच्या टेबलापाशी आला होता. रबरी नळी तो नेहमी डाव्या दाढेत धरायचा, ती त्यानं उजवीकडे घेतली होती. तिच्या ते आदल्या दिवशीच लक्षात आलं होतं. भांड्याची मान अगदी किंचित तिरकी येत होती. "अक्का, डावी दाढ ठणकतेय. दाखवून येऊ का?" बत्तीस वर्षांचा बाप्या, तरी दाढ दाखवायलाही त्यानं तिलाच विचारलं होतं.

काच फुंकणारे दातवाल्याकडे जायला का भितात, हे बाहेरच्यांना कळायचं नाही. दाढ काढली की त्या खड्ड्यातलं रक्त साकळून जखम भरेपर्यंत फुंकायचं नसतं. पंधरा दिवस नळी बंद. आणि कारखान्यात तेव्हा एका विद्यापीठाची चाळीस कंडेन्सरची ऑर्डर चालू होती. कंडेन्सर म्हणजे वाफ थंड करायच्या काचेच्या नळ्या. हे आत वेटोळं असलेले, असे की त्यातलं वेटोळं भात्याशिवाय कुणाला जुळत नव्हतं. तो काम करायचा, अक्का खुणा पाडायची, आणि बहीणभावांच्या हातची भांडी म्हणून मालक ती पाहुण्यांना दाखवायचा. अक्काला त्याचा फार अभिमान होता.

"दाढेला काय धाड भरलीय?" ती म्हणाली होती. "एवढी ऑर्डर उरकू दे. मग काय ते दात-बीत बघ. तोवर लवंगेचं तेल लाव." आणि वरून दुसऱ्या दिवशी तेलाची बाटलीही स्वतःच आणून दिली होती.

तो बरं म्हणाला होता. तो नेहमीच बरं म्हणायचा.

"पुढचा!" आतून आवाज आला.

डॉक्टर म्हातारे आणि हसतमुख होते. कारखान्यातली निम्मी माणसं त्यांच्याकडेच यायची. त्यांनी भात्याला ओळखलं, गालाकडे बघितलं आणि खुर्चीत मागे रेलले.

"काय रे भात्या, वारं शिरलं ना गालात?"

"वारं नाही," अक्का म्हणाली. "चुरचुरत नाही. कडक आहे. ताप आहे. तीन आठवडे दाढ ठणकतेय याची."

"दाढ ठणकतेय ना, मग दातवाल्याकडे जायचं. माझ्याकडे कशाला आलात?"

"दातवाल्यांनी तुमच्याकडे पाठवलं."

"त्यांना काय होतंय पाठवायला!" डॉक्टर हसले. "हे बघा अक्का, मी तुमच्या लोकांचे असले गाल शंभर बघितलेत. दोन दिवस फुंकायचं नाही, या गोळ्या घ्यायच्या. गाल उतरला की मग दाढेचं बघा निवांत. आणि हे तोंड कुणी रंगवलंय?"

"मी. ही सूज नऊ वीसला इथं होती. आता बघा कुठं आहे. तुम्ही हात तरी लावून बघा ना!"

"रेघा मारून आजार कळत असता तर आम्ही एवढी वर्षं शिकलो कशाला?" डॉक्टरांनी चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली. हात त्यांनी लावला नाहीच.

अक्का खरं तर थोरामोठ्यांचा मान राखणारी बाई होती. पण त्या चिठ्ठीचे तिनं डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत दोन तुकडे केले आणि ते त्यांच्याच टेबलावर ठेवले. "शंभर गाल बघितलेत ना? हा एकशे एकावा होता. तो तुम्ही बघितलाच नाहीत." असं म्हणून तिनं भावाला उठवलं. उठताना तो झोकांडला.

बाहेर आल्यावर मात्र तिला काही सुचेना. डॉक्टर म्हणतो दाताचं, दातवाले म्हणतात डॉक्टरचं, आणि दोघांच्या मधल्या रस्त्यावर तिचा भाऊ भर उन्हात भिंतीला धरून उभा. तिनं त्याची हनुवटी वर केली. रेघेच्या खाली आता तीन बोटं सूज होती, आणि डावीकडची सूज हनुवटीखालून उजवीकडे निघाली होती. श्वास घेताना त्याच्या गळ्यात बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. आपला राग म्हणजे निव्वळ भीती आहे, हे तिला त्या क्षणी स्वच्छ कळलं, आणि त्याचाही तिला रागच आला.

दाताचा दवाखाना जवळ होता. तिनं भात्याला जवळजवळ ओढतच तिथं नेलं. वहीवाल्या बाई उठून उभ्या राहिल्या, "अहो, सांगितलं ना," असं काहीतरी म्हणाल्या. अक्कानं त्यांना ओलांडून आतलं दार उघडलं.

आतल्या दातांच्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या. खुर्चीत एक गृहस्थ तोंड उघडून पडले होते.

"मारा मला, पोलिसांना बोलवा, काय वाटेल ते करा," अक्का म्हणाली. "पण याला एकदा हात लावून बघा. आज सकाळपासून याला कुणीही धड बघितलेलं नाही."

डॉक्टरीण बाईंनी भात्याकडे बघितलं आणि हातातलं अवजार खाली ठेवलं.

"ही रेघ कुणी काढली?"

"मी."

"नऊ वीसला?"

"हो. सूज तेव्हा तिथवरच होती."

घड्याळात साडेअकरा होत आले होते. डॉक्टरीण बाईंनी हातमोजे बदलले. भात्याला तोंड उघडायला सांगितलं. त्यांचं एक बोटही नीट आत जाईना. जीभ बाहेर काढायला सांगितली. ती वर उचलली गेली होती, बाहेर येईना. हनुवटीखाली त्यांनी दाबलं; ते सगळं लाकडासारखं घट्ट झालं होतं. थुंकी गिळा म्हणाल्या. त्याला गिळता येईना. हे सगळं करायला त्यांना मिनिटभरही लागलं नाही.

"दाढ माझी आहे," त्या म्हणाल्या, "पण सूज आता माझी राहिलेली नाही. आणि तुमच्या डॉक्टरांचीही नाही. दाढेतला पू जिभेखाली उतरलाय, तिथून गळ्यात चाललाय. श्वासाची वाट दाबली जाईल. मोठ्या हॉस्पिटलात न्या, इमर्जन्सीत, आत्ता. मी फोन करते. याला आडवं करू नका, बसवूनच न्या. खायला-प्यायला काही देऊ नका."

"यांनी आम्हाला मंगळवार दिला होता," अक्का वहीवाल्या बाईंकडे बोट दाखवून म्हणाली.

डॉक्टरीण बाईंचा चेहरा लाल झाला. "गळ्याकडे सूज, गिळता येत नाही, तोंड उघडत नाही, असं माणूस आलं तर मला आतून उठवायचं, हे मी सांगायला हवं होतं. ते माझं चुकलं. तुम्ही निघा आधी."

सकाळपासून चूक कबूल करणारं हे पहिलंच माणूस होतं. अक्काला त्यांच्यावर ओरडायचं होतं, ते राहूनच गेलं.

टॅक्सीतून तिनं भावजयीला फोन केला. भावजय शाळेत शिकवायची. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण घरात तिचा आवाज कधी कुणी चढलेला ऐकला नव्हता. घरात चढायला अक्काचा आवाज होता, तेवढा पुरे होता. "पण ते तर वारं आहे म्हणाले होते," भावजय म्हणाली. हॉस्पिटलचं नाव कळताच तिनं फोन ठेवला आणि निघालीसुद्धा.

हॉस्पिटलात तिघं एकाच वेळी पोहोचले. दातवाल्या बाईंचा फोन आला होता, त्यामुळे दारातच चाकाची खुर्ची तयार होती. भात्याचे कपडे, चपला, घड्याळ एका पिशवीत भरून ती अक्काच्या हातात दिली गेली. एक डॉक्टर चालता चालता प्रश्न विचारत होता आणि कागदावर लिहीत होता.

"सूज कधीपासून?"

"काल रात्रीपासून," भावजय म्हणाली.

"आणि दुखायला कधी लागलं?"

"दुखत... दुखत नव्हतं त्यांना. मला काही बोलले नाहीत."

डॉक्टरनं भात्याकडे बघितलं. तो बोलू शकत नव्हता. त्यानं बहिणीकडे बघितलं आणि मान हलवली; सांगू नकोस म्हणत होता. तशा अवस्थेतही तो तिला पाठीशी घालत होता.

"तीन आठवडे," अक्का म्हणाली. "मला सांगितलं होतं त्यानं. दाखवून येऊ का म्हणून विचारलंही होतं. मी थांबवलं."

"का?"

"कामाची ऑर्डर होती."

डॉक्टरनं ते लिहून घेतलं. त्यानं भुवईसुद्धा उचलली नाही. खुर्ची आत गेली आणि दार लागलं.

दोघी बाकावर बसल्या. भावजय समोरच्या भिंतीकडे बघत होती. अक्कानं मिस्त्रीचं सांगितलं, मग त्या वहीवाल्या बाईचं, मग डॉक्टरांनी हातही कसा लावला नाही ते, आणि चिठ्ठी कशी फाडली तेही. सांगता सांगता तिचा आवाज वाढला. भावजयीनं हात पुढे करून अक्काच्या मांडीवरची पिशवी उचलली आणि स्वतःच्या मांडीवर घेतली.

दीड तासानं सर्जन बाहेर आले. गळ्याला बाहेरून छेद देऊन पू काढला होता, दाढही काढली होती, श्वासासाठी नळी घातली होती. "वाचला. आणखी तासभर उशीर झाला असता तर मी काही सांगू शकलो नसतो. आता दोन-तीन दिवस नळी राहील. भेटाल थोड्या वेळानं." एवढं बोलून ते गेले.

भावजय पिशवीवर डोकं टेकून ढसाढसा रडली. अक्काचेही डोळे भरले, पण रडायची तिला सवय नव्हती, म्हणून ती म्हणाली, "आता त्या मिस्त्रीला मी सोडत नाही. आणि त्या म्हाताऱ्या डॉक्टरला तर..."

"अक्का, पुरे."

अक्का थांबली.

"सकाळपासून तुम्ही सगळ्या जगाला ओरडलात," भावजय उठून उभी राहिली. "आणि तुमच्यावर कोण ओरडणार?"

"तू ओरड," अक्का म्हणाली.

आणि ती ओरडली. सहा वर्षांचं साठलेलं सगळं त्या कॉरिडॉरमध्ये बाहेर पडलं. "नवरा माझा आहे! दाढ दुखली तरी तुम्हाला विचारायचं, डॉक्टरकडे जायचं तरी तुम्हाला विचारायचं! मला सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी नेलं असतं, खड्ड्यात गेले तुमचे कंडेन्सर! तीन आठवडे माझ्या शेजारी झोपून दुखणं गिळत होते ते, कारण अक्का म्हणाली थांब! चाळीस भांडी! चाळीस भांड्यांसाठी तुम्ही माझा माणूस..." पुढचं तिला बोलवेना, पण ती थांबलीही नाही, तेच शब्द पुन्हा पुन्हा ओरडत राहिली. बाकांवरची माणसं वळून बघू लागली.

अक्काच्या जिभेवर उत्तर होतं. तिच्या जिभेवर नेहमीच उत्तर असायचं. या वेळी तिनं ते दिलं नाही. ती हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून बसली आणि एकेक शब्द ऐकत राहिली.

एक नर्स लगबगीनं आली. "अहो बाई, हे हॉस्पिटल आहे! हळू बोला!"

"राहू द्या, सिस्टर," अक्का म्हणाली. "बोलू द्या तिला. अजून संपलेलं नाही तिचं."